सरबत पाहुणे प्यायले

नवीन पनवेलमधल्या त्या सोसायटीत कुमुदताईंचं घर कुणाला शोधावं लागत नसे. गेटवरच्या वॉचमनला नुसतं "इथे चहा कुठे मिळेल हो?" असं विचारलं तरी तो तिसऱ्या मजल्याकडे बोट दाखवायचा.

दारात आलेला माणूस देवाने पाठवलेला असतो, असं कुमुदताईंच्या आईने त्यांना लहानपणी सांगितलं होतं. आईने ते एकदाच सांगितलं, कुमुदताईंनी ते जन्मभर पाळलं. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला माणूस त्यांच्याकडे आधी पाणी प्यायचा, मग लाडू खायचा आणि मग सिलिंडर आत ठेवायचा. निवडणुकीत सगळ्या पक्षांचे लोक मुद्दाम जेवायच्या वेळेला त्यांच्या जिन्याने वर यायचे. मत कुणाला पडायचं ते देव जाणे, आप्पे मात्र सर्वपक्षीय असत. आणि आलेल्या माणसाला "आता निघा" असं कुमुदताईंनी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. ते त्यांचे यजमान, उदयसिंह, मनातल्या मनात म्हणायचे. जमीन मोजणीच्या खात्यात उभी नोकरी काढलेला तो माणूस, कुणाची हद्द कुठे संपते हे अख्ख्या तालुक्याला सांगून आला होता. स्वतःच्या घरात मात्र पाहुणे फार वेळ बसले की तो पेपर घेऊन संडासात जाऊन बसायचा. तेवढीच त्याची हद्द.

कुमुदताईंचं दुसरं व्रत म्हणजे आजाऱ्याला भेटायला जाणं. सोसायटीत कुणी दवाखान्यात भरती झालं की सलाइन लागायच्या आत त्या डबा घेऊन हजर. मग पलंगाच्या पायथ्याशी बसायचं, पेशंटच्या पायावरून हात फिरवायचा आणि अगदी हेच दुखणं ज्याला झालं होतं अशा एका माणसाची गोष्ट सांगायची. त्या गोष्टीतला माणूस शेवटी हमखास जायचा. "पण तुझं तसं नाही हो," असं म्हणून त्या उठायच्या. मनात कपट काही नाही. गोष्ट सांगताना त्यांच्या स्वतःच्याच डोळ्यांत पाणी यायचं.

शेजारच्या विंगमधल्या शकूताईंचं मूळव्याधीचं ऑपरेशन झालं तेव्हा तर कुमुदताईंनी अख्खं महिला मंडळ भेटायला नेलं, आणि दुखणं नेमकं कुठे आहे ते सगळ्यांना समजावून सांगितलं. शकूताई हे उपकार विसरल्या नव्हत्या. माणसाने उपकार फेडायला संधीची वाट बघावी, तशी त्या बघत होत्या.

ती संधी अनुयाच्या टॉन्सिलनी दिली.

अनुया म्हणजे कुमुदताईंची सून. बेलापूरला एका कंपनीत हिशेब बघायची. मुलगी गुणी, कामसू, पण घसा नाजूक. दर महिन्या-दोन महिन्यांनी टॉन्सिल सुजायचे, ताप भरायचा, रजा पडायची. कुमुदताईंनी आपल्या परीने सगळं केलं. मिठाच्या गुळण्या झाल्या, हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, दोनदा मीठ-मोहरीने दृष्टही काढून झाली. शेवटी त्यांचा मुलगा सुशांत बायकोला घेऊन जुन्या पनवेलमधल्या एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात गेला आणि परत येऊन म्हणाला, "आई, टॉन्सिल काढायचे ठरलेत."

"काढायचे? देवाने दिलेली वस्तू!"

"दाढ काढलीस ना तू मागे? तीही देवानेच दिली होती."

"टॉन्सिल लहान मुलांचे काढतात," शकूताईंनी खाली बाकावर बसल्याबसल्या मत दिलं. "लग्न झालेल्या बाईचे काढलेले मी तरी ऐकले नाहीत. आधी का नाही काढले हो तिच्या माहेरच्यांनी?"

तर टॉन्सिल निघाले. ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी घरी सोडताना डॉक्टर मनस्वींनी कुमुदताईंना समोर बसवलं. डॉक्टर वयाने लहान, दोन वेण्या घातल्या तर कॉलेजातली दिसेल अशी.

"आई, नीट ऐका हं," डॉक्टर म्हणाल्या. "गार आणि मऊ खायचं. आइस्क्रीम, गार दूध, मऊ भात. गिळताना दुखेल, तरी खायला लावायचं. पाणी तर सारखं. घसा कोरडा पडू द्यायचा नाही. गरम नको, आंबट नको, कडक नको. आणि लाल रंगाचं काहीही द्यायचं नाही."

"बेसनाचे चालतील का?" असं म्हणून कुमुदताईंनी पिशवीतून लाडवांचा डबा काढला. "तिला नव्हे हो, तुम्हाला. किती बारीक तुम्ही!"

"आई, ऐका. घशात पांढरं दिसेल. तो पू नाही, जखमेवरची खपली आहे. तिला हात लावायचा नाही. आठवडाभरात ती निघते, आणि तेच दिवस जपायचे. त्या वेळी रक्त येऊ शकतं. मोठ्या माणसांत तर जास्तच. ती सारखी आवंढे गिळायला लागली तर तोंड उघडून बघायचं. थुंकीत लाल दिसलं तर लगेच घेऊन यायचं. फोन करत बसायचं नाही, थांबून बघायचं नाही. कळलं?"

"कळलं की," कुमुदताई म्हणाल्या. "लग्न झालं का हो तुमचं?"

घरी सुशांतने फ्रीजमध्ये आइस्क्रीमचे डबे आणून भरले. कुमुदताईंनी ते बघितले आणि फ्रीजचं दार लावून टाकलं. घशाचं ऑपरेशन, आणि त्यावर बर्फ? हा कुठला न्याय? डॉक्टर पोर शिकलेली असेल, पण पोरच ती. गारच द्यायचं ना? मग गुणाने गार असेल ते द्यावं. आणि गुणाने गार काय, तर कोकम. उन्हाळ्यात, पित्तावर, अंगावर गांधी उठल्या तर, रागावर, नवऱ्याच्या रागावरसुद्धा कुमुदताई कोकमाचं सरबत देत आल्या होत्या. डॉक्टर लाल नको म्हणाल्या होत्या. पण कोकम लाल कुठे असतं? ते जांभळं असतं. आंबट म्हणाल तर साखर घातली की झालं. अशा रीतीने डॉक्टरचा शब्दही राहिला आणि कोकमही राहिलं.

पहिल्या घोटाला अनुयाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"बघा, कसं बरं वाटलं तिला," कुमुदताई म्हणाल्या.

अनुयाने दुसरा घोट तोंडात घेतला, उठली आणि बेसिनमध्ये जाऊन थुंकली. बेसिन लालभडक. कुमुदताईंनी ते बघितलं आणि अशी किंकाळी फोडली की खालच्या मजल्यावरच्यांनी टीव्ही बंद केला. फोन करत बसायचं नाही म्हटलं होतं, म्हणून त्यांनी आधी फोनच केला.

"काय प्यायली होती ती?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोकम सरबत."

पलीकडे पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"आई, लाल काही देऊ नका म्हटलं होतं ना मी?"

"ते जांभळं असतं हो."

"बेसिनमध्ये कसं दिसतंय?"

कुमुदताईंनी वाकून पाहिलं. "लाल," त्या म्हणाल्या.

"मग उद्या खरंच रक्त आलं तर तुम्हाला कसं कळणार?"

कुमुदताईंनी "बरं बरं" म्हणून फोन ठेवला. संध्याकाळी उदयसिंहांनी ही गोष्ट फिरायला गेल्यावर वडाळे तलावाच्या कट्ट्यावर रंगवून सांगितली. रात्री जेवणं व्हायच्या आत ती शकूताईंकडे पोचली, आणि सकाळी दूध घ्यायला खाली उतरलेल्या कुमुदताईंना वॉचमनने विचारलं, "मॅडम, ते रक्त नव्हतं म्हणे?" कुमुदताईंनी तिथल्या तिथे ठरवलं, पुन्हा डॉक्टरला उगाच फोन म्हणून करायचा नाही. एकदा हसं झालं तेवढं पुरे.

सरबत मात्र त्यांनी सोडलं नाही. त्यात पाणी वाढवलं. एवढं वाढवलं की ते गुलाबी झालं. डॉक्टर लाल नको म्हणाल्या होत्या, गुलाबीबद्दल काही बोलल्या नव्हत्या. अनुया ते नाक दाबून कसंबसं प्यायची. बोलायची सोय नव्हती. सासूचा जीव आहे आपल्यावर हे तिला कळत होतं, आणि म्हणूनच तर सगळी पंचाईत होती.

मग भेटायला येणारे सुरू झाले.

कुमुदताईंनी एवढ्या वर्षांत घरोघरी जे पेरलं होतं ते आता भारंभार उगवून आलं. पेशंट खरं तर आतल्या खोलीत झोपायची, पण मग पाहुण्यांना दिसणार कशी? म्हणून अनुयाला बाहेरच्या दिवाणावर, पाठीशी लोड देऊन, नवरीसारखी बसवलं. येणारा प्रत्येक जण आधी मोबाइलची बॅटरी लावायचा आणि म्हणायचा, "आ कर बघू." अनुया आ करायची. सोसायटीत अशी बाई उरली नाही जिने तिचा घसा पाहिला नाही.

"अगं बाई!" शकूताई मागे सरल्या. "पू झालाय गं कुमुद!"

"पू नाही, खपली आहे. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर सांगणारच. त्यांनीच केलंय ना ऑपरेशन. माझ्या जावेच्या भाचीचं असंच झालं होतं. अस्सं पांढरं. घरच्यांना वाटलं खपली." शकूताईंनी सुस्कारा सोडला. "पदवीधर होती हो."

होती. ही गोष्ट पुढे कुठे जाते ते कुमुदताईंना चांगलं ठाऊक होतं, कारण असल्या गोष्टी सांगण्यात त्यांची हयात गेली होती. फक्त गोष्टीच्या या बाजूला त्या आजवर कधी बसल्या नव्हत्या.

"पण तुझं तसं नाही हो," शकूताई अनुयाला म्हणाल्या, आणि उठल्या. फिटंफाट झाली.

आठवडा होत आला तसा शनिवार उजाडला. सुशांतला कंपनीने नेमकं पुण्याला धाडलं होतं. सकाळी कुमुदताईंनी देवपूजा उरकली, अनुयासाठी मऊ भात लावला आणि गुलाबी सरबताचा मोठा जग भरून ठेवला. अनुयाचं चांदीचं फुलपात्र होतं, माहेरून आलेलं, त्यावर तिचं नाव कोरलेलं. तेही धुऊन ओट्यावर पालथं घातलं. आता सरबत ओतणार, एवढ्यात बेल वाजली.

शकूताई. हातात डबा. डब्यात चकल्या.

"चकल्या?" उदयसिंह म्हणाले. "टॉन्सिलच्या पेशंटला?"

"तिला कशाला? तुम्हाला घरच्यांना होतील. पेशंटपायी घरच्यांचे हाल होतात, ते कुणी बघत नाही."

कुमुदताईंनी शकूताईंना सरबत दिलं. तेवढ्यात पुन्हा बेल. गव्हाण गावचे दाजी आणि त्यांची बायको मालू. दाजी हे नात्याने कुणाचेच दाजी नव्हते, अख्खा गाव त्यांना दाजी म्हणायचा. उदयसिंहांनी त्यांच्या जमिनीची मोजणी केली होती, तेव्हापासूनचा घरोबा. पुढे जमीन सरकारी प्रकल्पात गेली, पैसा आला, मोठी गाडी आली. ती गाडी ते सोसायटीच्या गेटात आडवी लावत, म्हणजे कोण आलंय ते सगळ्यांना कळे. दाजींच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला भारा होता आणि त्याचा वास त्यांच्या आधी घरात शिरला होता.

"करंज्याच्या बंदराचं सुकं बोंबील हायत, वैनी," दाजी म्हणाले. "झणझणीत कालवन करून घाला सुनंला. जखम कशी भरून येते बगा."

"तिला तिखट चालत नाही हो दाजी."

"आमच्यात बालंतिनीला पन घालतान. काय नाय व्हत." दाजी पंख्याखाली बसले. "उनातून आलो वैनी, घसा पार सुकला."

कुमुदताईंनी दाजींना सरबत दिलं. मालूला दिलं. दाजींना आवडलं म्हणून पुन्हा दिलं. मग वरच्या मजल्यावरचं जोडपं आलं, त्यांना दिलं. बश्या निघाल्या, शकूताईंच्या चकल्या शकूताईंनाच वाढल्या गेल्या, चहाचं आधण चढलं. मऊ भात कुकरमध्ये तसाच राहिला. कुमुदताई स्वयंपाकघर आणि बैठकीच्या खोलीत शिवणयंत्राच्या सुईसारख्या आतबाहेर करत होत्या. भरलं घर बघून त्यांना बरं वाटत होतं, हेही खरंच. एवढी माणसं आपल्या सुनेसाठी आली!

ज्या सुनेसाठी आली ती दिवाणावर बसून आवंढे गिळत होती.

एक गिळला. मग आणखी एक. दाजी जमिनीचे भाव सांगत होते, शकूताई जावेच्या भाचीचं उरलेलं आख्यान लावत होत्या, आणि अनुया सारखी गिळत होती. डोळे पाण्याने भरलेले.

"वैनी," मालू म्हणाली, "पोर सारकं आवंडं गिलतंय. बगा तरी."

"माहेरची आठवण येत असेल," शकूताई म्हणाल्या. "दुखण्यात आईच हवी. सासू कितीही चांगली असली तरी सासू ती सासूच."

हे ऐकून कुमुदताईंना जे लागलं त्यात बाकीचं ऐकू आलं नाही. "रडू नको हं बाळा," असं म्हणून त्यांनी अनुयाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चहा उतू जाईल म्हणून आत पळाल्या. अनुयाने त्यांचा पदर धरायला हात पुढे केला होता. तो हात शकूताईंनी आपल्या हातात घेतला आणि थोपटला.

तो सोडवून घेऊन अनुया शेवटी उठली. भिंतीला धरत बेसिनपाशी गेली आणि थुंकली.

लाल.

कुमुदताई ट्रे घेऊन बाहेर येत होत्या. त्या जागीच थांबल्या. ट्रे टेबलावर ठेवून त्यांनी फोन उचलला.

"अगं, कोकम गं ते!" शकूताई बेसिनमध्ये डोकावून म्हणाल्या. "परवासारखं!"

खोलीत हशा पिकला. सगळ्यांना ती गोष्ट ठाऊकच होती. "आता लावतेय बघा ही डॉक्टरला फोन," उदयसिंह म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच इतकं हसू आलं की त्यांनी चष्मा काढून पुसला. दाजींना गोष्ट ठाऊक नव्हती, त्यांना ती वरच्या मजल्यावरच्यांनी तिथेच सांगितली. दाजी मांडीवर थाप मारून हसले.

कुमुदताईंनी फोन खाली ठेवला. त्यासुद्धा हसल्या. हसल्याने बरं वाटलं. कोकमच असणार, दुसरं काय? "थांब हं, चूळ भर," त्या अनुयाला म्हणाल्या. "आणखी थोडं सरबत देते, म्हणजे निवेल."

त्यांनी ओट्यावरचा जग उचलला. जग हलका लागला. तळाशी साखरेची चिकट रेघ आणि कोकमाचं एक सालपट. बाहेर टेबलावर पाहुण्यांचे पेले पडले होते, प्रत्येकाच्या बुडाशी गुलाबी ओल. आणि ओट्यावर अनुयाचं फुलपात्र होतं. सकाळी ठेवलं तसंच, पालथं. कोरडं.

कुमुदताई जग हातात घेऊन बाहेर आल्या.

"सरबत तुम्ही प्यायलात," त्या म्हणाल्या.

"फक्कड झाल्तं, वैनी," दाजी म्हणाले.

"सगळं तुम्ही प्यायलात. तिच्या तोंडात सकाळपासून थेंब गेलेला नाही. मी दिलाच नाही." त्यांचा आवाज चढला. "मग तिच्या तोंडातून कोकम येईल कुठून?"

हसणं एकदम थांबलं. अनुया बेसिनला धरून वाकली होती, हनुवटीवरून तांबडी धार लागली होती. आता कुणी काही म्हणायची गरज नव्हती. तरी शकूताई म्हणाल्याच, "आधी हळद लावून बघूया का?"

"शकू, बाजूला हो." कुमुदताईंनी चकल्यांचा डबा दिवाणावर उपडा केला आणि रिकामा डबा अनुयाच्या हनुवटीखाली धरला. "बाळा, गिळू नको. पुढे वाक, यात थुंक. दाजी, गाडी काढा. आणि बाकीचे सगळे..." एवढं बोलून त्या अडखळल्या. साठ वर्षांत जे शब्द तोंडातून गेले नव्हते त्यांना वाट सापडेना. मग सापडली. "बाकीचे सगळे निघा. आत्ता निघा माझ्या घरातून."

दाजींची गाडी पहिल्यांदाच गेटातून सरळ झाली. शकूताई चपला घालून मागच्या सीटवर चढायला निघाल्या होत्या, "मीही येते, सोबत नको का?" कुमुदताईंनी त्यांच्या तोंडावर गाडीचं दार लावून घेतलं. उदयसिंह रिक्षा शोधायला धावले. जुन्या पनवेलकडे जाणाऱ्या पुलावर गाड्यांची रांग लागली होती. दाजी खिडकीतून अर्धे बाहेर आले आणि ज्या आवाजात शेतापलीकडून बैल हाकलले असतील त्या आवाजात ओरडले, "सरा रं! पेशंट हाय गाडीत!" लोक सरले. मालू मागे बसून अनुयाची पाठ धरून होती. कुमुदताई डबा धरून होत्या आणि डब्यात बघत नव्हत्या. कुठलीही गोष्ट त्यांना आठवत नव्हती, आणि कोण वाचलं, कोण गेलं, ते आठवायला नको होतं.

दवाखान्यात डॉक्टर मनस्वींनी डबा पाहिला आणि एका नर्सला हाक मारून अनुयाला खुर्चीत बसवलं. हात भरभर चालत होते, प्रश्नही.

"कधीपासून येतंय?"

"आत्ता दिसलं," कुमुदताई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "नाही. सकाळपासून असेल. सारखी गिळत होती."

"मग?"

"पाहुणे होते."

"सकाळपासून खाल्लंय काय हिने?"

"काही नाही."

"पाणी?"

"नाही." कुमुदताईंनी पदराने डब्याची कड पुसली. "पाहुणे होते हो."

डॉक्टरांनी बॅटरी अनुयाच्या घशात धरली. घशातली गुठळी काढली तरी रक्त थांबेना, तेव्हा पुन्हा भूल द्यायची ठरली आणि अनुयाला आत नेलं. दार बंद झालं. दारावरचा दिवा लागला.

कुमुदताई बाकावर बसल्या. पदराला रक्त लागलं होतं. समोरच्या भिंतीवर कोनाड्यात गणपतीची लहानशी मूर्ती होती. त्यांनी हात जोडले. देवापुढे आजवर त्या कधी रिकाम्या हाताने उभ्या राहिल्या नव्हत्या. साखर तरी, फूल तरी, निदान पाण्याचा गडू. देवही त्यांना पाहुण्यासारखाच. आज हातात काही नव्हतं. नवस बोलायला गेल्या, तर एकवीस मोदक डोळ्यांपुढे आले आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. सारखं खायलाच काय द्यायचं? "देवा," त्या मनात म्हणाल्या, "तू बघतोयस. पोरीला सांभाळ. मी काही आणलेलं नाही." एवढीच प्रार्थना झाली. उदयसिंह सुशांतला पुण्याला फोन करून, रिक्षाने येऊन शेजारी बसले होते. तेही मगाशी सगळ्यांत जास्त हसले होते, म्हणून खाली बघत होते.

दारावरचा दिवा विझला आणि डॉक्टर बाहेर आल्या.

"थांबलं रक्त," डॉक्टर म्हणाल्या. "खपली सुटताना एक बारीक रक्तवाहिनी उघडी पडली होती. बंद केली. बरी आहे ती."

"माझ्यामुळे झालं का हो?"

डॉक्टर त्यांच्या शेजारी बसल्या. "खोटं सांगत नाही, आई. सगळं नीट केलं तरी असं कधीकधी होतं. पण घसा कोरडा पडला की जास्त होतं. आणि उशीर झाला, तो मात्र तुमच्यामुळे. आणखी थोडा झाला असता तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "आलात ते बरं केलंत. कोकम नाही हे कसं ओळखलंत?"

"सरबत पाहुणे प्यायले होते," कुमुदताई म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू फुटलं.

अनुयाला दवाखान्यात ठेवून घेतलं. बातमी आता टॉन्सिलची राहिली नव्हती, रक्ताची झाली होती, म्हणजे भेटायला येणाऱ्यांचा हुरूप दुप्पट. दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला शकूताई महिला मंडळ घेऊन आल्या. खालच्या दारावरच्या रखवालदाराने त्यांना अडवलं. शकूताईंनी हुज्जत घातली, नातं सांगितलं, शेवटी जावेच्या भाचीची गोष्टही सांगितली. माणूस ढिम्म हलला नाही. सकाळी कुमुदताई त्याच्याकडे बेसनाच्या लाडवांचा डबा देऊन गेल्या होत्या. लाडू खायला पाहुणे येतात हे त्यांना नेहमीचंच. लाडू देऊन पाहुणे अडवता येतात हे त्यांना या वयात कळलं.

अनुया घरी आल्यावर सोसायटीने पाहिलं की तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दाराबाहेर, लिफ्टसमोर, एक स्टूल मांडलंय. स्टुलावर पाण्याचा तांब्या आणि साखरेची वाटी. येणाऱ्याने पाणी प्यावं, साखर तोंडात टाकावी, दाराच्या फटीतून अनुयाची खुशाली ऐकावी आणि उतरावं. दारी आलेल्याला रिकामं पाठवायचं नाही हे व्रत मोडलं नव्हतं, फक्त उंबऱ्यापलीकडे नेलं होतं. शकूताईंनी साखर खाल्ली नाही. "कुमुदला गर्व झालाय," त्यांनी बाकावर जाहीर केलं. "आजाऱ्याच्या घरी माणूस नको, म्हणजे काय म्हणावं?" उदयसिंहांना मात्र संडासात पेपर वाचायची गरज उरली नाही. ते बैठकीच्या खोलीत पाय पसरून बसू लागले, आणि पहिले दोन दिवस तर त्यांना तिथे बातम्याच समजेनात.

आत अनुया गार दूध प्यायची, मऊ भात खायची. कुमुदताई समोर बसून चांदीचं फुलपात्र पुन्हापुन्हा भरायच्या, साध्या पाण्याने. एक दिवस अनुयाने आइस्क्रीमचा चमचा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी आधी देव्हाऱ्याकडे पाहिलं, मग खाल्लं.

"घसा धरेल माझा," त्या म्हणाल्या.

"मग काढून टाकू," अनुया खरखरीत आवाजात म्हणाली. ऑपरेशननंतरचं तिचं पहिलं धड वाक्य ते.

त्याच दुपारी फोन वाजला. दाजी.

"वैनी, खाली उभा हाय. वर येऊ का नको?"

कुमुदताईंनी दाराकडे पाहिलं. याच माणसाने पुलावर वाट करून दिली होती. त्याला दाराशी साखर देऊन परत पाठवायचं? पण आत अनुयाचा नुकता डोळा लागला होता.

"नका येऊ, दाजी," त्या म्हणाल्या. "झोपलीय ती."

"बरं, बरं. वाईट नाय वाटून घेत. शाली आनलीत पोरीसाठी, गार पानी हाय त्यात, ती लिफ्टात घालतो. तुमी वरती काडून घ्या."

कुमुदताई दार लोटून लिफ्टसमोर जाऊन उभ्या राहिल्या. लिफ्ट वर आली. दार उघडलं. आत माणूस नव्हता. हिरव्यागार शहाळ्यांची एक अख्खी पेंड, आरशाला टेकून, शांत बसली होती. काही विचारत नव्हती, काही सांगत नव्हती, कुणाचा घसा बघायला मागत नव्हती.

कुमुदताईंनी घराचं दार मोठं उघडलं.

"या," त्या म्हणाल्या.